धांदरट मूल की उघडी खिडकी?

मूल पडलं की ‘धांदरटच आहे’ किंवा ‘नशीब’ म्हणून आपण मोकळे होतो. डॉक्टर मात्र जोखीम घटक (इजेची शक्यता वाढवणारी गोष्ट) शोधतात. घटक म्हणजे दोष नव्हे. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलं म्हणजे घरात डेंगी होतोच असं नाही. ते ओतून दिलं की शक्यता घटते, इतकंच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या अहवालानुसार अपघाती इजांनी जगात रोज दोन हजारांहून अधिक मुलं दगावत होती. या इजा वयानुसार बदलतात. रांगत्या वयात धोका घरातच असतो: गरम चहा, भरलेली बादली, खिडकीला टेकवलेला पलंग. मुंबईतल्या नाहूरसारख्या टॉवरांच्या वस्तीत हा पलंग सर्वांत दुर्लक्षित राहतो, असं मला वाटतं. शाळकरी मुलांना गाडीचा वेग आणि अंतर नीट जोखता येत नाही. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता त्यांनी एकट्याने ओलांडणं म्हणूनच धोक्याचं. किशोरवयात मित्रांसमोरची फुशारकी येते: रूळ ओलांडणं, लोकलच्या दारात लटकणं, परवान्याविना दुचाकी.

यातला खिडकीजवळचा पलंग हलवायला तर खर्चही नाही. खिडकीला जाळी बसवलीत, तर आगीच्या वेळी आतून उघडेल असा भाग ठेवा.