जुन्या जीपमधील तारांचे सांधे

आटगावसारख्या सह्याद्रीलगतच्या मुसळधार पावसाच्या पट्ट्यात हौसेने जपलेल्या जुन्या जीपची वायरिंग बहुधा सांध्यांपाशीच दगा देते, कारण नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेल्या तारांत ओल शिरते, तांब्यावर ऑक्साइडचा थर चढतो, विद्युतरोध वाढतो आणि सांधा तापू लागतो. हे टाळण्यासाठी सांध्याला दिला जाणारा डाख, म्हणजेच सोल्डर, हा कथील व शिसे यांचा मिश्रधातू ६३:३७ या प्रमाणात १८३ अंश सेल्सिअसला वितळतो. मात्र उष्णता डाखाला नव्हे, तर तारेला द्यावी लागते, म्हणजे तो केशाकर्षणाने तांब्याच्या धाग्यांत ओढला जातो. ऑक्साइड दूर करण्यासाठी राळच वापरावी, कारण आम्लयुक्त पेस्टचा अंश मागे राहून तांबे खात राहतो. तारा आधी एकमेकींभोवती घट्ट गुंफलेल्या हव्यात. ताण पेलणे हे डाखाचे काम नव्हे. खरी मेख पुढेच आहे: डाख जिथे संपतो, तिथे ताठ झालेली तार एकदम लवचीक होते आणि इंजिनाच्या कंपनांनी नेमकी तिथेच तुटते, म्हणून वाहन-उद्योगात धातूची नळी तारेवर दाबून केलेला क्रिंप सांधा अधिक पसंत केला जातो. डाखच दिला असेल, तर आतून गोंद असलेली, उष्णतेने आकसणारी नळी त्यावर चढवून दोन्ही बाजूंची तार गाडीच्या सांगाड्याला बांधून घ्यावी. ही नळी अर्थातच सांधा करण्यापूर्वी तारेत ओवावी लागते.