मल्लखांब (साधनाची बांधणी व टिकाऊपणा)

मल्लखांब हे मल्लखांब याच नावाच्या भारतीय व्यायामप्रकारात वापरले जाणारे साधन आहे. खेळाडू या खांबावर चढून अढी, तेढी, दसरंग, सुईदोरा, ताजवे, फरारे इत्यादी प्रकार करतो. खांब हाच खेळाडूचा एकमेव आधार असल्यामुळे त्याचे लाकूड, आकार, रोवणी आणि देखभाल यांवर कौशल्याइतकीच सुरक्षितताही अवलंबून असते. व्यायामशाळा व शाळांमधील मल्लखांब वर्षानुवर्षे एकाच जागी उभे असतात आणि त्यांवर रोज अनेक मुले सराव करतात. म्हणून हे साधन किती काळ टिकते व ते केव्हा बाद करावे, हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

पार्श्वभूमी

चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख आढळतो. कुस्तीचा पूरक व्यायाम म्हणून मल्लखांबाचे पुनरुज्जीवन करण्याचे श्रेय दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळातील व्यायामाचार्य बाळंभटदादा देवधर यांना दिले जाते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली. खेळाला स्पर्धात्मक रूप आल्यावर साधनाची मापे व दर्जा यांत सारखेपणा असणे आवश्यक झाले.

प्रकार व मापे

मल्लखांबाचे तीन प्रकार स्पर्धांमध्ये प्रचलित आहेत : पुरलेला मल्लखांब, टांगता मल्लखांब व दोरीचा मल्लखांब. यांखेरीज निराधार मल्लखांब, वेताचा मल्लखांब असे प्रात्यक्षिकांत दिसणारे प्रकारही आहेत.

पुरलेल्या मल्लखांबाची जमिनीवरील उंची सुमारे २.६ मीटर असते. तळाशी त्याचा घेर सुमारे ५५ सेंमी असून वर तो निमुळता होत सुमारे ३५ सेंमी होतो. खांबाचे तीन भाग मानले जातात. जमिनीपासून वरपर्यंतचा जाड भाग म्हणजे अंग, त्यावरील बारीक भाग म्हणजे मान आणि टोकाचा गोल भाग म्हणजे बोंड. हे तिन्ही भाग एकाच अखंड लाकडातून कातून काढणे इष्ट असते. बोंड वेगळे करून जोडल्यास सांध्याच्या जागी खांब दुबळा होतो.

लाकडाची निवड

मल्लखांबासाठी प्रामुख्याने साग किंवा शिसव यांचे लाकूड वापरतात. सागामध्ये नैसर्गिक तेलकट द्रव्ये असतात. त्यांमुळे त्याच्या गाभ्याच्या लाकडाला वाळवी व बुरशी सहसा लवकर लागत नाही. वाळताना साग फारसा आकसत नाही. शिसव अधिक जड व कठीण असल्यामुळे त्याचा पृष्ठभाग घर्षणाने कमी झिजतो. मात्र तो कातण्यास अधिक श्रम पडतात.

झाडाच्या जातीइतकेच महत्त्व लाकूड खोडाच्या कोणत्या भागातले आहे याला असते. खोडाच्या मधल्या, गडद रंगाच्या लाकडाला मध्यकाष्ठ म्हणतात व तेच टिकाऊ असते. सालीलगतचे फिकट लाकूड, म्हणजे रसकाष्ठ, सागाचे असले तरी कीड व बुरशीला लवकर बळी पडते. कोवळ्या झाडात रसकाष्ठाचे प्रमाण जास्त असल्यामुळे अशा झाडाचा खांब 'सागाचा' असूनही अल्पायुषी ठरू शकतो.

तळाचा घेर ५५ सेंमी म्हणजे व्यास सुमारे १७.५ सेंमी. एवढ्याच जाडीच्या खोडातून खांब काढल्यास खोडाचा मध्यबिंदू खांबाच्या बरोबर मध्यभागी राहतो. लाकूड वाळताना वाढवलयांच्या दिशेने जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच ते त्रिज्येच्या दिशेने आकसते. या विषम आकसण्यामुळे अखंड गोल खोडाला बाहेरून आत जाणारी उभी भेग पडते. मध्यबिंदू वगळून खांब काढला तर हा धोका बराच कमी होतो, परंतु त्यासाठी खांबाच्या दुपटीहून जाड खोड लागते. असे जुने, सरळ झाड दुर्मीळ व महाग असल्यामुळे चांगल्या खांबाची किंमत प्रामुख्याने लाकडावरच ठरते.

लाकडाचे तंतू खांबाच्या लांबीला समांतर असावे लागतात. तंतू तिरके असतील तर वाकवणाऱ्या बलाखाली लाकूड त्या तिरक्या रेषेने चिरते. गाठीभोवती तंतू वळलेले असल्याने गाठही दुबळी जागा असते. अंगाच्या मधल्या भागातील लहान, घट्ट गाठ चालू शकते. मानेतील गाठ मात्र कोणत्याही आकाराची असली तरी दोष मानावी.

आकार आणि ताण

पुरलेला मल्लखांब हा एका टोकाला घट्ट रोवलेला व दुसऱ्या टोकाला मोकळा असलेला स्तंभ आहे. खेळाडू खांबापासून बाहेर झुकतो तेव्हा खांबाला वाकवणारे बलाघूर्ण तयार होते. बाजूने येणाऱ्या धक्क्याचा परिणाम जमिनीलगत सर्वाधिक असतो. गोल खांबाची वाकण्यास विरोध करण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे १७.५ सेंमी व्यासाचा तळ हा ११ सेंमी व्यासाच्या वरच्या भागापेक्षा सुमारे चौपट बळकट असतो. निमुळता आकार पकडीला सोयीचा असतोच, शिवाय जेथे ताण जास्त तेथे लाकूड जास्त अशी विभागणीही त्यातून साधते.

उदाहरणादाखल, ६० किलो वजनाच्या खेळाडूचा गुरुत्वमध्य खांबाच्या अक्षापासून १ मीटर दूर आहे असे धरले, तर तळाच्या लाकडावर येणारा ताण दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ११ किलो भरतो. निर्दोष, वाळलेला साग वाकवून मोडण्यास दर चौरस सेंटिमीटरला ८०० किलोहून अधिक ताण लागतो. उडीच्या वेळी बसणारा धक्का स्थिर वजनापेक्षा बराच जास्त असतो, हे लक्षात घेतले तरी अंगाच्या भागात पुरेशी राखीव ताकद उरते.

मानेची स्थिती वेगळी असते. मान ६ सेंमी व्यासाची धरल्यास त्याच बलाघूर्णाने तेथील ताण तळाच्या सुमारे २५ पट होतो. म्हणजेच राखीव ताकद मोठ्या प्रमाणात घटते आणि गाठ, तिरके तंतू किंवा आडवी चीर असेल तर ती पुरी पडेलच असे नाही. अंग व मान जेथे मिळतात तेथे काटकोनी खाच न ठेवता गोलसर उतार ठेवावा. तीक्ष्ण कोपऱ्यात ताण एकवटतो व तेथूनच चीर सुरू होते.

पृष्ठभाग व तेल

खेळाडूचे उघडे अंग सतत खांबाला घासत असल्याने पृष्ठभाग गुळगुळीत असणे आवश्यक असते. मात्र कडक, चकचकीत थर देणारे व्हार्निश वापरणे योग्य नसते. असा थर घामाने निसरडा होतो व तडकल्यावर त्याच्या धारदार कडा त्वचेला लागतात. त्याऐवजी खांबाला एरंडेल तेल चोळले जाते. जवसाच्या तेलाप्रमाणे एरंडेल हवेत सुकून कडक होत नाही. ते दाट असल्याने लाकूड व त्वचा यांच्यामध्ये टिकून राहते आणि त्वचा सोलली जाणार नाही इतपतच घर्षण कमी करते. तेल अति झाल्यास पकड सुटते, तर फार कमी झाल्यास मांड्या व पोटऱ्या सोलवटतात.

एरंडेल सुकत नसल्यामुळे त्यावर धूळ व घाम साचून चिकट थर बनतो. हा थर वेळोवेळी कोरड्या कापडाने पुसून नव्याने तेल लावावे लागते. साचलेल्या मळाखाली बारीक चिरा दिसत नाहीत, म्हणून स्वच्छतेला तपासणीच्या दृष्टीनेही महत्त्व आहे.

रोवणी

पुरलेला मल्लखांब बहुधा जमिनीच्या पृष्ठभागालगतच कुजतो. बुरशीला ओलावा व हवा दोन्ही लागतात. खोल जमिनीत हवा कमी असते आणि वरच्या भागात ओलावा कमी असतो. या दोहोंची गाठ जमिनीलगतच्या वीतभर पट्ट्यात पडते. दुर्दैवाने धक्क्यांचा परिणामही तेथेच सर्वाधिक असतो. पुरल्या जाणाऱ्या भागाला डांबर लावणे, खड्ड्यात मुरूम व दगडगोटे भरून पाण्याचा निचरा साधणे आणि खांबाभोवती पाणी साचू न देणे हे यावरील नेहमीचे उपाय आहेत. स्पर्धांमध्ये अनेकदा लोखंडी बैठकीत बसवलेला खांब वापरतात. त्यात कुजण्याचा धोका टळतो, परंतु बैठकीचे बोल्ट व वेल्डिंग यांची तपासणी आवश्यक ठरते.

हवामान व जमिनीचा परिणाम

अहिल्यानगर जिल्ह्याच्या उदाहरणावरून स्थानिक परिस्थितीचा परिणाम स्पष्ट होतो. जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत असून तेथे वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिमी पाऊस पडतो. पश्चिमेकडील अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्यावर, घाटघर परिसरात, पाऊस याच्या कित्येक पट असतो. एकाच जिल्ह्यात दोन ठिकाणी उभ्या असलेल्या खांबांचे शत्रू त्यामुळे वेगवेगळे असतात.

हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असताना लाकडात मुरणाऱ्या ओलाव्याचे प्रमाण सुमारे ६ टक्क्यांवर स्थिरावते. आर्द्रता ८० टक्के असताना ते सुमारे १६ टक्के होते. कर्जत, जामखेड, श्रीगोंदे यांसारख्या कोरड्या भागांत उन्हाळ्यात उघड्यावरील खांबाचा पृष्ठभाग लवकर वाळून आकसतो, पण गाभा त्या मानाने ओला राहतो. परिणामी पृष्ठभाग ताणला जाऊन उभ्या चिरा पडतात. दमट भागात तयार केलेला व पुरेसा न मुरवलेला खांब अशा हवेत आणल्यास हा दोष लवकर दिसतो. घाटमाथ्यावर याउलट भेगांपेक्षा बुरशीचे भय अधिक असते.

जमिनीचाही परिणाम होतो. गोदावरी व प्रवरा खोऱ्यांतील कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, नेवासे या तालुक्यांत खोल काळी माती आहे. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. या हालचालीने खांब दरवर्षी थोडा सैल होतो. म्हणून काळ्या मातीत खांब थेट न पुरता मुरमाचा भराव करणे किंवा काँक्रीटमध्ये लोखंडी नळकांडे बसवून त्यात खांब उभा करणे अधिक सुरक्षित असते.

टांगता व दोरीचा मल्लखांब

टांगता मल्लखांब पुरलेल्या खांबापेक्षा आखूड असून आकड्याने व साखळीने टांगलेला असतो. तो झुलतो व फिरतो, त्यामुळे लाकडापेक्षा लोखंडी भाग अधिक झिजतात. साखळीच्या कड्या एकमेकींना जेथे टेकतात तेथे त्या पातळ होत जातात आणि आकडा हळूहळू उघडू लागतो. ही झीज दुरून दिसत नाही; कडी हातात घेऊन वळवून पाहावी लागते.

दोरीचा मल्लखांब पूर्वीच्या वेताच्या मल्लखांबापासून विकसित झाला. ही दोरी सुती असून सुमारे ५.५ मीटर लांब व २ सेंमी जाड असते. कृत्रिम धाग्याची दोरी अधिक बळकट असली तरी ती घसरते व घर्षणाने त्वचा भाजते, म्हणून सुती दोरीच पसंत केली जाते. सुती दोरी ओलाव्याने कुजते आणि आतल्या धाग्यांच्या परस्पर घर्षणाने आतूनही झिजते. बाहेरून चांगली दिसणारी दोरी पीळ उकलून आतून तपासावी लागते.

अन्य क्रीडासाधनांशी तुलना

कसरतीच्या अन्य साधनांमध्ये टिकाऊपणाचा प्रश्न निराळ्या मार्गाने सोडवलेला दिसतो. बर्फावरील फ्रीस्टाइल प्रकारात लोखंडी कठड्यांवरून घसरण्यासाठी व उड्या मारण्यासाठी दोन्ही टोके वळलेल्या स्की वापरतात. १९९८ साली सॉलोमन कंपनीने आणलेली 'टेनएटी' ही या प्रकारातील सुरुवातीची प्रसिद्ध स्की होती. तिच्यासारख्या स्कीमध्ये लाकडाच्या पट्ट्यांच्या गाभ्यावर काचतंतूंचे थर चिकटवून कडेला पोलादी पट्टी बसवलेली असते. कठड्यावर आदळून ही पट्टी तडकणे व थर सुटणे हे तिचे मुख्य दोष होत. त्यामुळे अशा स्कीला जाड पोलादी कडा व जाड तळ देतात.

थर चिकटवलेल्या साधनात एका पट्टीतील गाठीचा परिणाम शेजारच्या पट्ट्या झाकतात, मात्र सांधे हा नवा दुबळेपणा येतो. अखंड लाकडाच्या मल्लखांबात सांधे नसतात, पण लाकडातील प्रत्येक दोष जसाच्या तसा राहतो. स्की काही हंगामांत बदलली जाईल असे गृहीत धरलेले असते. मल्लखांबाच्या बाबतीत बदलण्याचा काळ ठरलेला नसल्यामुळे नियमित तपासणीला पर्याय उरत नाही.

तपासणी व बाद करणे

पावसाळ्यानंतर व उन्हाळ्याच्या अखेरीस अशी वर्षातून किमान दोनदा सविस्तर तपासणी करणे योग्य असते. जमिनीलगतची माती वीतभर उकरून लाकडात आरी टोचून पाहतात. आरी सहज आत गेल्यास लाकूड कुजलेले असते. हातोडीने हलके ठोकल्यास निरोगी लाकूड खणखणीत आवाज देते, तर पोखरलेल्या लाकडाचा आवाज बद्द येतो. खांब हाताने हलवून रोवणी सैल झाली आहे का, हेही पाहतात.

अंगावरील बारीक उभ्या चिरा बहुधा धोकादायक नसतात. त्यांच्या कडा घासून गुळगुळीत केल्या की लाकडाची कूस लागण्याचा धोका टळतो. आडवी चीर कितीही लहान असली तरी ती तंतू तुटल्याची खूण असते. मानेवरील चीर, जमिनीलगतची कुज, तसेच बोटाचे टोक आत जाईल इतकी रुंद उभी भेग यांपैकी काहीही आढळल्यास खांब सरावातून काढावा. भेगेत लांबी किंवा भुसा-सरस भरल्याने ती दिसेनाशी होते, पण लाकडाची गेलेली ताकद परत येत नाही. बाद केलेल्या खांबाचा निरोगी भाग आखूड कापून नवशिक्या मुलांसाठी कमी उंचीचा खांब किंवा टांगता मल्लखांब म्हणून वापरता येतो. मात्र त्यासाठी त्याची मान व बोंड नव्याने कातून घ्यावी लागतात.