राष्ट्राध्यक्षांना उजळणी करायला लावणाऱ्या बाई : आदाम बा कोनारे

‘प्रथम महिला’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? राष्ट्राध्यक्षांच्या शेजारी उभ्या असलेल्या, फीत कापणाऱ्या बाई. आज ज्यांची ओळख करून घेणार आहोत, त्या मात्र आधी इतिहासाच्या अभ्यासक होत्या, प्रथम महिला नंतर झाल्या आणि ते पद गेल्यावरही इतिहासकारच राहिल्या.

पश्चिम आफ्रिकेत माली नावाचा देश आहे. तिथे नायजर नदीकाठच्या सेगू गावी 1947 साली आदाम बा यांचा जन्म झाला. पुढे बामाको या राजधानीत, शिक्षक घडवणाऱ्या संस्थेत त्या इतिहास शिकवायच्या. म्हणजे आपल्याच बिरादरीतल्या, बरं का! मालीत जुना इतिहास ‘ग्रियो’ लोक पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ ठेवून गातात. आपले पोवाडे गाणारे शाहीर आठवा. माली साम्राज्याचा संस्थापक सुंजाता आणि सेगूचा राजा दा मोंझोन यांच्यावर आदाम बा यांनी पुस्तकं लिहिली.

26 मार्च 1991 रोजी मालीतली हुकूमशाही कोसळली. त्या आंदोलनात बायकाही रस्त्यावर उतरल्या होत्या. 1992 मध्ये त्यांचे पती अल्फा उमर कोनारे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि 2002 पर्यंत त्या पदावर होते. दहा वर्षं प्रथम महिला असूनही बाईंनी लेखणी खाली ठेवली नाही. 1993 मध्ये त्यांचा मालीतल्या नामवंत स्त्रियांचा कोश निघाला. दंतकथांच्या काळापासून थेट 26 मार्च 1991 पर्यंतच्या स्त्रियांची नोंद त्यात आहे. माझ्या मते हेच त्यांचं सर्वांत मोठं काम. एकदा आपलं इतिहासाचं पुस्तक उघडा आणि त्यात बायकांची नावं किती आहेत ते मोजा, म्हणजे असा कोश का लागतो ते कळेल. बामाकोत त्यांनी स्त्रियांचं संग्रहालयही उभारलं. त्याचं नाव ‘मुसो कुंदा’. बांबारा भाषेत ‘मुसो’ म्हणजे स्त्री.

आता गंमत ऐका. 26 जुलै 2007 रोजी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सार्कोझी डाकारच्या विद्यापीठात म्हणाले, की आफ्रिकी माणूस इतिहासात पुरेसा शिरलाच नाही. विचार करा, हे आफ्रिकेत उभं राहून! आदाम बा यांनी इतिहासकारांना हाक दिली, त्यांचे लेख जमवले आणि 2008 मध्ये ग्रंथच काढला. त्याच्या नावाचा साधारण अर्थ असा : ‘राष्ट्राध्यक्ष सार्कोझी यांच्या उपयोगासाठी आफ्रिकेच्या इतिहासाची छोटी उजळणी’. कच्च्या मुलांसाठी आपण उजळणीचा वर्ग घेतो ना, अगदी तसंच!