आजोबांची फियाट आणि खोपोलीचा घाट

बॉस, ड्रीम कार म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? सनरूफ? माझ्या वाट्याला आली कर्जतच्या घरामागे ताडपत्रीखाली सहा पावसाळे काढलेली आजोबांची फियाट ११००. मॉडेल १९७० चं, इंजिन १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला आणि मागच्या सीटवर कोंबडीची अंडी!

बाबांचं मत सरळ होतं, भंगारवाल्याला बोलाव. आजी काहीच बोलली नाही. तेच जास्त लागलं.

मग सुरू झाल्या वीकएंडच्या वाऱ्या. शनिवारी कर्जत लोकल, स्टेशनवर वडापाव आणि मग खोपोलीतल्या मेकॅनिककाकांचं गॅरेज. काकांनी पायाखालचं मॅट उचललं, पत्र्याला स्क्रूड्रायव्हर टेकवला... तो आरपार! ‘‘इंजिन बरंय गं पोरी, पत्रा मेलाय.’’ तळ कापून नवा पत्रा वेल्ड केला, टाकीतला गंज धुतला, ब्रेकची सगळी रबरं बदलली. दोन महिन्यांचं मानधन एकट्या डेंटिंगमध्ये गेलं. (फ्रीलान्सरचं मानधन मुळात येतं कधी, ते विचारू नका.) पार्ट्ससाठी कुर्ल्याच्या भंगार गल्ल्या पालथ्या घातल्या. गंमत म्हणजे ही गाडी बनली होती कुर्ल्यातच, प्रीमियरच्या कारखान्यात! हिचीच पुढची पिढी म्हणजे पद्मिनी. तिच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या.

मधेच काकांनी स्वस्तातला उपाय सुचवला, ‘‘दुसरं इंजिन टाकू.’’ मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणवून घ्यायचं, तर चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल चालत नाही. शिवाय व्हिंटेज झाली की ती रोज फिरवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल-दुरुस्ती, एवढंच. ‘‘म्हणजे दारात पूजेला ठेवणार?’’ इति बाबा. मुद्दा बरोबर होता. इंजिन मी जुनंच ठेवलं, पण व्हिंटेजच्या फंदात पडले नाही. मला ती चालवायची होती.

आणि चालवायची तर घाटात. २००२ मध्ये एक्स्प्रेस-वे पूर्ण सुरू होण्याआधी आजोबा जुन्या हायवेनेच पुण्याला जायचे, आजीला शेजारी बसवून. खोपोली सोडली, की चढावर हमखास गाडी बंद! फियाटचा पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटलेला. इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ काही पंपाला ओढता येत नाही. मग बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि वाट बघायची.

गेल्या रविवारी गाडी घरी आणली. बाबा टायरला लाथा मारून बघत होते, म्हणजे खूश होते. ‘‘आजी, खोपोलीपर्यंत चक्कर मारू?’’ मी विचारलं.

‘‘थांब,’’ म्हणत ती आत गेली. बाहेर आली तेव्हा एका हातात पाण्याची बाटली होती आणि दुसऱ्या हातात आजोबांच्या जुन्या पंचाचं फडकं.