मोरीलाही तहान लागते!

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सगळे तीन आठवडे पुण्याला धाकट्या दिरांकडे राहून आलो. पाथर्डीला परत आल्यावर दाराचं कुलूप काढलं आणि आधी नाकाला पदर लावावा लागला. म्हटलं, उंदीर मेला की काय! कपाटामागे, माळ्यावर, सगळीकडे शोधलं. पण वास येत होता न्हाणीघरातल्या मोरीतून.

मग मी डांबरगोळ्या टाकल्या, चार उदबत्त्या लावल्या. वासात वास मिसळला, बाकी काही नाही! शेवटी सासूबाई उठल्या, मोरीत डोकावल्या आणि म्हणाल्या, ''अगं, ही कोरडी ठणठणीत पडलीय. तहानलीय बिचारी. दोन तांबे पाणी ओत आधी.'' पाणी ओतलं, खिडक्या उघडल्या आणि तासाभरात वास गेला. मी आपली बघतच राहिले.

पुढे एकदा ओळखीचे प्लंबरदादा आले, तेव्हा त्यांना खोदून खोदून विचारलं. त्यांनी जाळी काढून दाखवली. खाली वाटीसारखा भाग असतो, त्याला नहाणी ट्रॅप म्हणतात. त्यात साधारण दोन इंच पाणी कायम साठून राहतं. सांडपाणी त्यातून पुढे जातं, पण गटारातला वायू ते पाणी ओलांडून घरात येऊ शकत नाही. म्हणजे हे पाण्याचं दारच! संडासाच्या भांड्याखालचा बाक, बेसिनखालची बाटली, सगळीकडे हीच युक्ती. १७७५ साली लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने संडासाच्या अशा वाकड्या नळीचं पेटंट घेतलं होतं. आणि आपण त्या वाकड्या नळीकडे ढुंकूनही बघत नाही!

मैत्रिणींनो, तेव्हापासून वास आला की मी बाटल्या उघडत नाही, आधी शोध घेते. तुम्हीही असंच करून बघा.

प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओता. वास थांबला तर दार कोरडं पडलं होतं, एवढंच. पाहुण्यांचं न्हाणीघर, गच्चीवरची मोरी हमखास अशी सुकते. आपल्याकडे पाणी जपून वापरावं लागतं, म्हणून चांगलं पाणी नको; कपडे खळबळलेलं शेवटचं पाणी आठवड्यातून एकदा ओतलं तरी पुरतं.

पाणी असूनही वास येत असेल तर जाळी काढा. केस, साबणाचा चिखट गाळ, खरकटं हाताने काढून ब्रशने घासा. स्वयंपाकघरात बघा, सिंकचा पाईप भिंतीतल्या भोकात नुसता खोचलेला तर नाही ना? मग पाईपला खाली वाक देऊन त्यात पाणी राहील असं करून घ्या आणि भोवतीची फट बुजवून घ्या.

एका ठिकाणी पाणी सोडल्यावर दुसऱ्या मोरीत गुडगुड आवाज येतो? आमच्याकडे येत होता. वरची खोली बांधताना गवंड्याने गच्चीवर गेलेला हवेचा पाईप 'मध्ये येतो' म्हणून कापून बंद केला होता! हवा मिळाली नाही की वाहतं पाणी ट्रॅपमधलं पाणीही ओढून नेतं आणि दार उघडं पडतं. पाईप पुन्हा वर नेला, तोंडाला जाळी बसवली, गुडगुड थांबली.

सगळ्याच मोऱ्या एकदम तुंबू लागल्या तर मात्र दोष बाहेर आहे. चेंबर भरलंय नाहीतर सेप्टिक टँक.

आणि ॲसिडचं वेड सोडा. त्याने सिमेंटचे सांधे खराब होतात आणि टाकीत मैला कुजवणारे जिवाणू मरतात. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर तर कधीच एकत्र टाकू नका. त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो.

आमच्या तालुक्यातल्या कितीतरी कुटुंबांच्या घरांना दिवाळीच्या सुमारास कुलूप लागतं, ती ऊसतोडीहून उन्हाळ्यातच परततात. बचत गटाच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, ''आल्यावर संडासात पाय ठेववत नाही बघा, एवढा वास. परत बाहेरच जातो आम्ही.'' त्यांच्या भांड्यातलं पाणी आटलं होतं, दुसरं काही नाही. बादलीभर पाण्याने जो प्रश्न सुटतो, त्याच्यापायी बाईमाणसाने अंधारात बाहेर जायचं? आता जाताना भांड्यात पाणी भरून त्यावर दोन चमचे गोडेतेल सोडायला आणि वर जाड प्लॅस्टिक झाकून वाळूची पिशवी ठेवायला मी सगळ्यांना सांगते. तेलाच्या थरामुळे पाणी लवकर आटत नाही. परत आल्यावर आधी दारं-खिडक्या उघडायच्या, मग पाणी ओतायचं.

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं. टाकी साधारण दर ३ वर्षांनी उपसून घ्यावी. पण 'दोन-चारशे रुपयांत माणूस उतरतो' असं कुणी म्हटलं तर ठाम नाही म्हणा. टाकीतल्या वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेलाही परत येत नाही. २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं गुन्हा आहे. असे मृत्यू झाले तर ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं. पण कितीही लाख दिले तरी कुणाचा बाप, कुणाचा नवरा परत येतो का? नगर परिषदेत चौकशी करा, उपसणारी गाडीच बोलवा. चार पैसे जास्त जातील, जाऊ देत.

आमच्याकडे आता दर रविवारी सासूबाईंची हाक ठरलेली. ''अगं, मोऱ्यांना पाणी पाजलंस का?''