तुरट चिकूची करामत

पोरांनो, घोलवडचा कच्चा चिकू कधी चावून पाहिलाय? जीभ अशी कोरडी, खरखरीत होते की पाणी पिऊनही सुटका नाही. ही करणी टॅनिनची. ते लाळेतल्या प्रथिनांना धरून त्यांचे गोळे करतं, मग जिभेचा बुळबुळीतपणाच जातो. बी तयार होण्याआधी फळाला कुणी तोंड लावू नये म्हणून झाडानं केलेला हा बंदोबस्त. पिकला की खुशाल खा!

हीच तुरट युक्ती दर्यावर्दी माणसांनी फार पूर्वी हेरली. नायलॉन आलं नव्हतं तेव्हा जाळी सुताची, सणाची असत. ओल्या धाग्यातलं सेल्युलोज जंतू खातात आणि जाळं कुजतं. म्हणून कोळी झाडांच्या साली उकळून त्या काढ्यात जाळी बुडवत. जंतू धागा पचवायला जी प्रथिनं सोडतात, त्यांनाच टॅनिन जखडून टाकतं. तिकडे फिलिपिन्सचे मच्छीमार तर चिकूच्याच झाडाच्या सालीत शिडं आणि दोऱ्या रंगवत!

आता पालघर जिल्ह्यातल्या बोईसरला या. तारापूर एमआयडीसीत कापड प्रोसेस करणारे कारखाने आहेत. कापडाला शेवटचं फिनिश देतात. घामाचा वास धरू नये, ऊन अडावं, अशासाठीही. ही कामं स्वयंपाकघरातला कचराही करू शकतो. डाळिंबाच्या सालीत टॅनिन भरपूर, ते वास सोडणाऱ्या जंतूंना आवरतं. कांद्याच्या टरफलात क्वेर्सेटिन नावाचं रंगद्रव्य असतं, ते उन्हातले अतिनील किरण शोषून घेतं. पण सालींच्या काढ्यात नुसतं बुडवलेलं कापड धुण्यात हे गुण गमावतं. तिथं तुरटी लागते. तिच्यातलं ॲल्युमिनियम एका हातानं धागा धरतं, दुसऱ्या हातानं रंग. तरीही रासायनिक फिनिशइतकं धुणं हे फिनिश सोसत नाही, हे कबूल करायला हवं.

आणखी एक. तारापूरच्या कारखान्यांच्या सांडपाण्याचं गाऱ्हाणं मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेनं थेट राष्ट्रीय हरित लवादापुढे नेलं होतं. म्हणून सांगतो, सालींचं तपकिरी पाणीही 'नैसर्गिक' म्हणून खाडीत सोडायचं नाही. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं, मासे गुदमरतात. तेही शुद्ध करूनच सोडायला हवं.

बरं, आज कांदा चिराल तेव्हा टरफलं टाकू नका. मूठभर टरफलं अर्धा तास उकळा, गाळून चिमूटभर तुरटी घाला, पांढरा सुती रुमाल बुडवून ठेवा. मग तो चार वेळा धुऊन किती रंग टिकला ते मला येऊन दाखवा.