गाडीची निगा, घरच्या घरी (भाग ६) : नॅनो कोटिंगची बाटली उघडण्याआधी

मागच्या आठवड्यात आपण वॅक्स पाहिलं. आता नॅनो कोटिंग, ज्याला बाजारात सिरॅमिक कोटिंगही म्हणतात. हे काम घरी नक्की जमतं. मात्र त्यातला मोठा वाटा बाटली उघडण्याआधीचा असतो आणि बहुतेकांची घाई नेमकी तिथेच होते.

गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. गाडीची सगळी चमक त्याच्या जिवावर. कोटिंगचा थर त्यावर जेमतेम एखाद-दुसऱ्या मायक्रॉनचा बसतो. बाटलीत सिलिकायुक्त रेझिन द्रावकात मिसळलेलं असतं. द्रावक उडून जातो, उरलेलं रेझिन हवेतला ओलावा घेऊन घट्ट होतं आणि क्लिअर कोटला धरून बसतं. मग पाणी पसरत नाही, त्याचे थेंब होऊन ओघळतात. चिखल आणि धूळही सहज निघते.

वेष्टनावरच्या ‘9एच’ या आकड्यावर फार भिस्त ठेवू नका. तो पेन्सिल-चाचणीचा आकडा आहे. 9एच दर्जाची कडक पेन्सिल दाबून ओढली तरी थरावर चरा पडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. हायवेवर उडालेला खडा किंवा पार्किंगमध्ये घासलेलं दुचाकीचं हँडल यांच्यापुढे एका मायक्रॉनचा निभाव लागत नाही. बोअरचं जड पाणी अंगावर वाळलं, तर क्षारांचे डाग कोटिंगवरही पडतात.

आता तयारी. दोन बादल्या घ्या, एक शाम्पूची, एक साध्या पाण्याची. मिट, म्हणजे धुण्याचा मऊ हातमोजा, दर वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवा. गाडी धुऊन झाली की हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून बॉनेटवरून बोटं अलगद फिरवा. डोळ्यांना लखलखीत दिसणारा पत्रा बोटांना बारीक कचकचीत लागेल. ब्रेक पॅडमधून उडालेले लोखंडाचे कण, डांबराचे ठिपके, झाडाचा चीक असं बरंच काही तिथे रुतलेलं असतं. आयर्न रिमूव्हर फवारा. पांढऱ्या गाडीवर दोन-तीन मिनिटांत जांभळे ओघळ दिसू लागतात. औषध त्या लोखंडाशी संयोग पावलं की हा रंग येतो. औषध अंगावर वाळण्याआधी भरपूर पाण्याने धुऊन टाका. राहिलेली कचकच क्ले बारने, म्हणजे मऊ मातीसारख्या वडीने, काढा. क्ले फिरवताना पत्रा फवाऱ्याने सतत ओला हवा आणि क्ले जमिनीवर पडली तर ती टाकून द्यायची.

दसऱ्याला घेतलेल्या नव्या कोऱ्या गाडीलाही यातून सूट नाही. ती तुमच्या दारी येण्याआधी यार्डात उघड्यावर उभी राहिलेली असू शकते.

यानंतर रंगावरची जाळी, म्हणजे उन्हात दिसणारे गोल गोल बारीक ओरखडे, पॉलिशने काढायची. कोटिंग ती झाकत नाही. उलट ती थराखाली तशीच राहते आणि नंतर काढायची तर कोटिंगही घासून काढावं लागतं. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या द्रावणाने पुसून पॉलिशचं तेल काढा. तेलकट पृष्ठभागावर कोटिंग धरत नाही.

जागा सावलीची, पत्रा हाताला गार. जून ते सप्टेंबर हे काम काढूच नका. दमट हवेत थर पृष्ठभागावर भराभर आळतो आणि पुसायला उसंत मिळत नाही. दिवाळीनंतरची कोरडी सकाळ सगळ्यात चांगली. हातमोजे घाला, वास उग्र असतो म्हणून दार-खिडक्या उघड्या ठेवा.

एका वेळी दोन फूट बाय दोन फूट एवढाच भाग घ्या. अ‍ॅप्लिकेटरवर काही थेंब टाकून आधी आडवे, मग उभे हात फिरवा. थोड्या वेळात पृष्ठभागावर इंद्रधनुषी झाक उमटते. ती दिसली की मायक्रोफायबरने हलकेच पुसा आणि दुसऱ्या कोरड्या कापडाने शेवटचा हात द्या. मोबाईलचा टॉर्च तिरका धरून पाहा. कुठे गडद पट्टा राहिला असेल तर तो तेव्हाच पुसायचा. तासाभराने तो हाताने निघत नाही, पॉलिशच करावं लागतं.

सुरुवात बॉनेटवर नको, दाराच्या खालच्या भागावर हात बसू द्या. पहिले २४ तास गाडीला पाणी लागू देऊ नका आणि आठवडाभर शाम्पू टाळा. वापरलेली कापडं मात्र धुऊन ठेवू नका. त्यातलं कोटिंग वाळून कडक होतं आणि पुढच्या वेळी तेच कापड रंगावर चरे पाडतं. त्याच दिवशी ती पाण्यात भिजवा आणि टाकून द्या.